तिसऱ्या गाडीचं चलन

हे प्रकरण मुलुंड पश्चिमेच्या एका बांधकामावरचं. बोलली ती आमची ज्युनिअर इंजिनिअर, वय २३, नोकरीला लागून जेमतेम चार महिने झालेले. ज्याच्याकडे ती दोनदा आली आणि ज्याने पहिल्या खेपेला तिला परत पाठवलं, तो मी. तीन साइटचं क्वालिटी कंट्रोल माझ्याकडे आहे. कंपनीचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. मजकूर तिला वाचायला दिला होता. "असंच झालं होतं, सर," असं ती म्हणाली, मगच हे लिहून पुरं केलं.

"कामाच्या ठिकाणी बिनधास्त बोला" असं ट्रेनिंगमध्ये सांगतात. मीही वर्षानुवर्षं सांगत आलो. आता ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही, कारण त्यात सगळा भार बोलणाऱ्याच्या डोक्यावर दिलेला असतो. या मुलीत धाडस कमी नव्हतं. कराडहून एकटी मुंबईत आलेली, डोंबिवलीत चौघींत एक खोली, रोज गर्दीच्या लोकलमध्ये शिरून आठच्या आत साइटवर हजर. तरी तिला एक गोष्ट तोंडातून बाहेर काढायला १२ दिवस लागले. त्या १२ दिवसांत नेमकं काय झालं ते मांडतो.

ती रात्र

मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना रस्ते बंद असतात, म्हणून काँक्रीटची मोठी भरणी बहुधा रात्री होते. मे महिना होता. तिसऱ्या पोडियमचे (इमारतीच्या तळाशी असलेल्या रुंद मजल्याचे) १० कॉलम भरायचे होते, एम ४० ग्रेड, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन ताकद देणारं काँक्रीट. एका कॉलमला साधारण २.४ घनमीटर माल, एकूण २४ घनमीटर, म्हणजे सहा-सहा घनमीटरच्या चार गाड्या. पाऊस तोंडावर आलेला. जूनच्या आधी पोडियम वर काढायचा म्हणून साइट इन्चार्ज साहेब दिवसातून चार वेळा हेड ऑफिसचे फोन घेत होते.

पहिल्या दोन गाड्या वेळेत आल्या. तिने स्लम्प घेतला, म्हणजे माल किती पातळ आहे ते तपासलं. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: ३०० मिलिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू असतो, त्यात थराथराने माल भरायचा, प्रत्येक थर सळईने २५ वेळा ठोकायचा, शंकू सरळ वर उचलायचा आणि माल किती खाली बसला ते मोजायचं. आम्हाला १२० हवा होता, २५ कमी-जास्त चालतो. आला १३० आणि १२५. ठीक. त्याच दोन गाड्यांतून तिने नऊच्या नऊ क्यूब (लॅबमध्ये ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) भरून ठेवले. २४ घनमीटरला तीन नमुने, प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब, असा आयएस ४५६ चा, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकाचा, हिशोब आहे. नमुने पूर्ण भरणीवर पसरलेले हवेत असंही त्यात लिहिलंय, पण आमच्या साइटवर क्यूब आधीच्या गाड्यांतून उरकून टाकायची सवय पडली होती. ती सवय मला माहीत होती. मी ती मोडली नव्हती.

तिसरी गाडी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. चलनावर, म्हणजे मालासोबत येणाऱ्या पावतीवर, प्लांटमधून भरल्याची वेळ १०:४०. गेटवर आली १२:३५ ला. स्लम्प ७०. पंपवाला म्हणाला, असा माल ओढला तर लाइन चोक होणार. इन्चार्ज साहेब म्हणाले, "पाणी मार." ड्रायव्हरने गाडीच्याच टाकीचा पाइप ड्रमच्या तोंडात सोडला. ड्रम फिरायला लागला.

तिने मोबाइलमध्ये वेळ पाहिली. १२:५८. पाइप बाहेर काढला तेव्हा १:०४ झाले होते. तिने पुन्हा शंकू लावला. माल उभा राहिलाच नाही, पसरला. १९०.

मग ती इन्चार्ज साहेबांना म्हणाली, "सर, माल जरा पातळ वाटतोय ना?"

"रात्री एकला लाइन चोक झाली तर तू खोलणार आहेस का?"

"नाही सर, मी नुसतं विचारलं."

त्या रात्री ती बोललीच नाही असं म्हणता येणार नाही. बोलली, आणि त्याच दमात बोललेलं परत घेतलं. हातात १९० हा आकडा होता, तोंडातून आलं "जरा पातळ". आपल्याकडे वडीलधाऱ्यांशी बोलताना वाक्याला मऊ कापड गुंडाळायची रीत लहानपणापासून अंगात मुरलेली असते. एक शंका होती, तुम्हाला माहीतच असेल, माझं चुकतही असेल. घरात ते शोभतं. भरणीच्या वेळी त्या कापडाखाली आकडा गुदमरतो. समोरच्याला नकार द्यायला कष्टच पडत नाहीत, कारण नाकारण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं.

इन्चार्ज साहेबांची बाजूही मांडायला हवी. पंपाची लाइन चोक झाली की ती खोलून साफ करण्यात तास-दीड तास जातो, तोवर अर्धा भरलेला कॉलम तसाच पडून त्यात जोड राहतो. ती भीती खरी होती. चूक उपायात होती. माल कडक झाला असेल तर प्लांटच्या माणसाला विचारून ठरलेल्या मापाने माल सैल करणारं रसायन, म्हणजे अ‍ॅडमिक्स्चर द्यायचं, आणि वेळ उलटली असेल तर गाडी परत. रेडीमिक्ससाठीचं आयएस ४९२६ सांगतं की माल भरल्यापासून दोन तासांत उतरला पाहिजे. रिटार्डर (माल उशिरा घट्ट होऊ देणारं रसायन) वगैरे असेल तर जास्त वेळाची मुभा मिळू शकते, पण आमच्या मंजूर मिक्समध्ये तशी मुभा लिहिलेली नव्हती. म्हणजे पाण्याचा विषय बाजूला ठेवला तरी १०:४० ची गाडी १२:५८ नंतर कॉलमात जायलाच नको होती.

पावणेतीनला भरणी आटोपली. पोअर कार्ड, म्हणजे भरणीच्या नोंदीचा कागद, भरायचं होतं. त्यात एक रकाना असतो, साइटवर पाणी मिसळलं का? तिने "नाही" वर टिक केली आणि सही केली. मला वाटतं तिचं तोंड खरं बंद झालं ते या सहीने. यापुढे पाण्याबद्दल बोलायचं म्हणजे आपण खोटी सही केली हेही कबूल करायचं. गप्प राहण्याचं पहिलं कारण भीती होतं, दुसऱ्या दिवसापासून त्यात लाज मिसळली.

एक गोष्ट मात्र तिने केली. चलनाची गुलाबी कॉपी फाइलला लावायच्या ऐवजी घडी करून डायरीत ठेवली, आणि तिच्या मागे लिहिलं: ७०, १२:५८, १:०४, १९०. का लिहिलं असं मी नंतर विचारलं तेव्हा तिला उत्तर देता आलं नाही.

माझा अंगठा

सकाळी नऊला तिचा फोन आला. मी दुसऱ्या साइटवर होतो. ती म्हणाली, "सर, काल रात्री तिसऱ्या गाडीत थोडं पाणी मारलं होतं."

मी विचारलं, "क्यूब घेतलेत ना?"

"घेतलेत सर."

"मग येऊ दे रिझल्ट. काही असेल तर त्यात दिसेलच."

३० सेकंदही लागले नसतील. मी ओरडलो नाही, धमकावलं नाही. आवाज शांत होता आणि मला वाटलं आपण समंजस सल्ला दिला. तिला ऐकू गेलं ते एवढंच, की विषय संपला. क्यूब कोणत्या गाडीतून घेतले हा एकच प्रश्न मी विचारला असता तर पुढचे ११ दिवस वाचले असते. क्यूब पहिल्या दोन गाड्यांचे, पाणी तिसऱ्या गाडीत. ते क्यूब तिसऱ्या गाडीबद्दल काय बोलणार?

सातव्या दिवशी लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. ३३, ३४, ३२. एम ४० साठी सात दिवसांचे छान आकडे. मी त्याखाली अंगठा टाकला. ती नंतर म्हणाली, "सर, तो अंगठा बघितला आणि ठरवलं, आता काही बोलायचं नाही. आता मी बोलले तर लॅबच्या विरोधात बोलले असं होईल."

कागद चांगला आणि वस्तू वाईट, हे मुंबईला नवीन नाही. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला. ७ जण गेले. त्याआधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये त्या पुलाला फक्त किरकोळ दुरुस्ती सुचवली होती. मी त्या पुलावरून कितीदा तरी गेलोय. रिपोर्टखाली अंगठा टाकताना तो पूल माझ्या मनात आला नाही, हे मला आजही लागतं.

तिची भीती काय होती तेही मोघम ठेवत नाही, कारण भीती मोघम नसतेच. सहा महिन्यांचा प्रोबेशन, कन्फर्मेशन लेटर बाकी. शैक्षणिक कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला. गावी वडिलांनी नातेवाइकांत सांगून ठेवलेलं, की पोरगी मुंबईला मोठ्या बिल्डिंगच्या कामावर आहे. आणि या धंद्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की मुंबईत साइट शेकड्यांनी असल्या तरी माणसं तीच ती फिरतात. पुढच्या ठिकाणचा साहेब आधीच्या साहेबाला फोन करतोच. "कशी आहे?" या प्रश्नाला "जरा डोक्याला ताप आहे" एवढं उत्तर आलं की काम झालं.

कायद्याचा आधार म्हणाल तर तिच्यापुरता काही नव्हता. २०१४ चा व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा सरकारी कारभारातल्या भ्रष्टाचाराच्या तक्रारींपुरता आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ मधली तक्रारीची यंत्रणा शेअर बाजारात नोंदलेल्या आणि आणखी काही ठरावीक कंपन्यांना सक्तीची. आमची त्यात बसत नाही. तक्रारपेटी होती, ती रिसेप्शनसमोर, कॅमेऱ्याखाली.

बादली

नवव्या दिवशी चहाच्या वेळी मुकादम तिच्याजवळ येऊन बसले. औसा तालुक्यातले, लातूरकडचे, पन्नाशीला आलेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते ऐन विशीच्या आतले, मावशीचं घर उपसायला गेलेले. हे ते कधी सांगत नाहीत, मला दुसऱ्याकडून कळलं. त्या दिवशीही त्यांनी भूकंपाचं नाव काढलं नाही. ग्लासातला चहा संपवून ते म्हणाले, "मॅडम, त्या रातच्या गाडीचा माल सहा, सात नंबरात अन् आठच्या निम्म्यात गेलाय. मी फुली करून ठिवलीय."

ती उठून बघायला गेली. सळया कापताना खूण करायला जो पिवळा तेलखडू वापरतात, त्याची फुली होती. कॉलमच्या पायाशी, ओलं गोणपाट बाजूला केल्याशिवाय दिसणार नाही अशी. तीन कॉलमांवर तीन फुल्या, आठव्यावर कमरेच्या उंचीला एक आडवी रेघसुद्धा.

ती सांगते की त्या फुल्या पाहून तिला रडू आलं. आपल्याला एकटीलाच दिसलं, कदाचित आपणच जास्त मनावर घेतोय, असं नऊ दिवस वाटत होतं. इथे दुसऱ्या एका माणसाने कुणी न सांगता तीच रात्र जपून ठेवली होती. मुकादमांनी तिला बोल असं सांगितलं नाही, आपण साक्ष देऊ असंही म्हणाले नाहीत. रोजावरचा माणूस, त्याने काय काय म्हणावं? फुली केली तेवढी पुरेशी होती.

पुढचं तिने स्वतःच्या डोक्याने केलं, आणि मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग तो वाटतो. अकराव्या दिवशी त्याच प्लांटची, त्याच बनावटीची गाडी दुसऱ्या कामासाठी आली होती. माल उतरल्यावर ड्रायव्हर ड्रम धुवायला पाइप काढतो. तिने त्याला विनंती केली, आधी ही बादली भरून द्या. २० लिटरची रंगाची रिकामी बादली. मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. ४८ सेकंद. दुसऱ्यांदा भरली, ४७. म्हणजे मिनिटाला २५ लिटर. पाइप त्या रात्री सहा मिनिटं चालला होता, म्हणजे १५० लिटर. सहा घनमीटरच्या गाडीत १५० लिटर म्हणजे घनमीटरला २५ लिटर जादा.

मंजूर मिक्समध्ये घनमीटरला सिमेंट आणि स्लॅग (सिमेंटसोबत वापरतात ती भट्टीतली दळलेली मळी) मिळून ४०० किलो, पाणी १६० लिटर, म्हणजे पाण्याचं सिमेंटशी प्रमाण ०.४०. त्यात २५ मिळवले की १८५ भागिले ४००, ०.४६. समुद्रकाठच्या हवेसाठी आयएस ४५६ ने ही मर्यादा ०.४५ ठेवली आहे. पाणी वाढलं की ताकद उतरते हे डफ अब्राम्सने १९१८ मध्ये मांडलं, तेव्हापासून इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. तिलाही पाठ होतं. पण "थोडं पाणी" या शब्दांना अब्राम्स लावता येत नाही. १५० लिटरला लावता येतो.

पाच मिनिटं

बाराव्या दिवशी मी मुलुंडला होतो. कंटेनर ऑफिसात दुपारी दीडच्या सुमारास ती आली, दार ओढून घेतलं आणि उभीच राहिली.

"सर, मला पाच मिनिटं द्या. मधे थांबवू नका, नाहीतर मला पुढचं सांगता येणार नाही."

हातात वहीचा कागद होता. त्यावरून तिने वाचून दाखवलं. अमुक तारखेची भरणी. तिसरी गाडी, चलन नंबर. भरल्याची वेळ, पाणी सोडायला घेतल्याची वेळ, मधले २ तास १८ मिनिटं. आल्यावर स्लम्प ७०, पाणी सहा मिनिटं, नंतर स्लम्प १९०. बादलीची मापं. कॉलम सहा, सात, आठचा खालचा निम्मा. आणि शेवटची ओळ: "पोअर कार्डवर मी पाणी नाही असं लिहिलंय, ते खोटं आहे. सही माझी आहे."

कागद टेबलावर ठेवला, वर गुलाबी चलन ठेवलं. तोवर आवाज स्थिर होता. ठेवताना मात्र बोटं थरथरत होती, आणि चलनाचा कोपरा कितीतरी वेळ हलत राहिला.

माझं पहिलं लक्ष कुठे गेलं असेल? खिडकीकडे. बाहेर कोणी ऐकत तर नाही ना, हे मी पाहिलं. लिहायला जड जातं, पण ऐकणाऱ्याचं पहिलं मिनिट असंच असतं. समोरच्याच्या आधी त्याला आपली खुर्ची दिसते. मग मला माझा तो फोन आठवला. मी तिला म्हणालो, "तू त्या दिवशी सकाळीच मला सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही." ती एवढ्या वेळात पहिल्यांदाच खाली बसली.

तिच्या सांगण्यात एक शब्दही कुणाच्या स्वभावावर नव्हता. इन्चार्ज साहेब बेफिकीर आहेत, प्लांटवाले चोर आहेत, असं काही नाही. कागदावर गाडी, वेळ, लिटर आणि कॉलम. त्यामुळे मलाही पुढे जाऊन माणसाविरुद्ध बोलावं लागलं नाही, तीन कॉलमांबद्दल बोलावं लागलं. आणि स्वतःची चूक तिने आपणहून शेवटी ठेवली. पुढच्या मीटिंगमध्ये कोणी पोअर कार्ड काढून "सही तर हिचीच आहे" म्हणालं असतं, तर तो वार आधीच बोथट झालेला होता.

मग

त्याच संध्याकाळी प्रोजेक्ट हेड, इन्चार्ज साहेब आणि मी बसलो. सहा, सात, आठवरच्या स्लॅबचं शटरिंग (साचा बांधायचं काम) थांबवा, एवढंच मी मागितलं. उत्तर ठरलेलं होतं: क्यूब पास आहेत, कॉलम खराब आहेत हे सिद्ध करा.

इथे मला अमेरिकेचं चॅलेंजर यान आठवलं. २८ जानेवारी १९८६ ला ते उड्डाणानंतर ७३ सेकंदांत तुटलं आणि ७ अंतराळवीर गेले. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर टेलिफोनवरच्या बैठकीत सांगत होते की एवढ्या थंडीत सांध्यांची रबरी सील दगा देतील, उड्डाण नको. एरवी यान सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागायचं. त्या रात्री ते असुरक्षित असल्याचं सिद्ध करण्याची वेळ इंजिनिअरांवर आली. आमच्या तीन कॉलमांची त्याच्याशी बरोबरी नाही. पण "सिद्ध कर" हे ओझं कोणाच्या पाठीवर दिलं, यावर बोलणाऱ्याचं धैर्य टिकतं की मोडतं हे ठरतं, आणि "रिझल्ट येऊ दे" म्हणून मीही त्या सकाळी तेच ओझं नोकरीत चार महिने झालेल्या पोरीवर टाकलं होतं.

मी प्रोजेक्ट हेडना सांगितलं की रेराच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो आपल्याच खर्चाने दुरुस्त करून द्यायचा आहे. आज तीन कॉलम उघडे आहेत, उद्या त्यांच्यावर मजले असतील. हा मुद्दा त्यांना पटला. काम थांबलं.

२८ दिवसांचे क्यूब आले, ४७ आणि ४८. पुन्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. रिबाउंड हॅमर (उसळीवरून काँक्रीटचा कडकपणा दाखवणारा हातोडा) मारून घेतला. त्याने नेमकी ताकद कळत नाही, पण फुलीवाले कॉलम शेजारच्यांपेक्षा मऊ आहेत एवढं दिसलं. मग तीन कोअर, म्हणजे कॉलमात ड्रिल करून काँक्रीटचे गोल तुकडे, काढले. कोअरसाठी आयएस ४५६ चा निकष असा, की सरासरी ग्रेडच्या ८५ टक्क्यांहून कमी नको आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको. एम ४० ला म्हणजे ३४ आणि ३०. आमचे आले ३१.८, ३३.१ आणि ३५.३. सरासरी ३३.४.

अगदी थोडक्यात नापास. आरसीसी कन्सल्टंटनी स्वच्छ सांगितलं की इमारत पडली नसती, पण डिझाइनमध्ये राखून ठेवलेलं बळ त्या कॉलमांत उरलं नाही. त्यांनी सहा आणि सातला जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नव्या काँक्रीटचं कवच, सुचवलं, आठ हिशोबात बसला. हे मी मुद्दाम सांगतोय. तिने शेकडो जीव वाचवले अशी गोष्ट रंगवून सांगायचा मोह होतो, आणि असे किस्से ऐकूनच पुढची मुलं गप्प बसतात. आपल्या हातात एवढं मोठं काही नाही, मग कशाला बोला, असं त्यांना वाटतं. ३४ च्या जागी ३३.४ एवढीच ही गोष्ट होती.

काम सुमारे तीन आठवडे मागे पडलं आणि पाऊस अंगावर आला. इन्चार्ज साहेब दोन महिने तिच्याशी कामापुरतंही नीट बोलत नव्हते, निरोप दुसऱ्याकरवी धाडायचे. तिचं कन्फर्मेशन महिनाभर उशिरा आलं. कारण विचारलं तर एचआरने फाइल वर आहे असं सांगितलं. खोट्या सहीबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली, आणि तसल्याच ताकिदीचं पत्र मी स्वतःसाठीही मागून घेतलं. मिळालं नाही. तोंडी "जाऊ दे" झालं. हे अजून बरोबर वाटत नाही.

साइटवर काही गोष्टी बदलल्या. क्यूब आता कोणत्या गाडीतून घ्यायचे ते चिठ्ठी काढून ठरतं. आत शिरणाऱ्या गाडीच्या पाण्याच्या व्हॉल्व्हला गेटवरच सील लागतं. गाडी परत पाठवायचा अधिकार स्लम्प घेणाऱ्याला दिला आहे, मग तो कितीही ज्युनिअर असो, आणि त्यासाठी कोणाला विचारायचं नाही, पाठवून झाल्यावर कळवायचं. हा शेवटचा नियम लिहून घ्यायला मला सगळ्यात जास्त भांडावं लागलं. पोअर कार्डवरचा पाण्याचा रकाना "हो/नाही" वरून "किती लिटर, कोणाच्या सांगण्यावरून" असा केला. आणि माझ्यापुरतं म्हणाल तर, कोणी "सर, जरा" किंवा "थोडंसं" म्हणालं की मी आता "किती?" असं विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत दुसरं काही बोलत नाही.

जॅकेटिंगच्या वेळी मुकादम स्वतः उभे होते. कॉलमचा पृष्ठभाग टोचून खडबडीत करायचा असतो. पायाशी आल्यावर त्यांनी पोराच्या हातातली छिन्नी घेतली आणि फुली आपल्या हाताने काढली.

ती अजून आमच्याकडेच आहे, आता दुसऱ्या साइटवर. मुलुंडला तिच्या जागी यवतमाळचा एक मुलगा आला. आठवडाभर तिने त्याला शिकवलं. गेल्या महिन्यात रात्री दीडला त्याचा फोन आला. मागे रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचा हॉर्न वाजत होता.

"सर, एक गाडी परत पाठवली."

"स्लम्प किती?"

"साठ. अन् सव्वादोन तास झाले होते."

"चलनावर लिहिलंस?"

"लिहिलं सर. साहेब रागावलेत."

"मी येऊ का?"

थोडा वेळ नुसता तो हॉर्न ऐकू आला. मग तो म्हणाला, "नको सर. पुढची गाडी आलीय, शंकू धुवायचाय."